आयसीयूत बाबांना रोज ॲसिडिटीचं इंजेक्शन देतायत, ॲसिडिटी नसताना कशाला?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, समजून घ्या. बाबा (वय ६८) आयसीयूत आहेत. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला, मग इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि बीपी एकदम खाली गेलं म्हणून व्हेंटिलेटरवर घेतलंय. प्रेशर टिकवायचं औषध पंपावर चालू आहे, प्लेटलेट उतरून ४८ हजारांवर आल्यात. गेल्या दिवाळीनंतर त्यांना स्टेंट टाकला होता, त्याच्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल, त्यातली क्लोपिडोग्रेल तूर्त थांबवलीय. नाकातल्या नळीतून फीड सुरू केलंय.

तर रोज मेडिकलमधून आणायची जी चिठ्ठी हातात देतात त्यात पॅन्टोप्रॅझोल ४० हे ॲसिडिटीचं इंजेक्शन असतंच असतं. बाबांना जन्मात कधी ॲसिडिटी झालेली नाही, मिसळ खाऊन पण आरामात झोपायचे. ज्युनियर डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले स्ट्रेस अल्सर होऊ नये म्हणून. आता बेशुद्ध ठेवलेल्या माणसाला कसला स्ट्रेस? मला वाटलं टेन्शनने अल्सर होतो तसं काहीतरी, पण अजून विचारायच्या आत ते दुसऱ्या पेशंटकडे गेले, त्यांचीही धावपळ दिसत होती म्हणून परत अडवलं नाही.

घरात वेगळीच चर्चा चालू आहे. काका म्हणतात ही इंजेक्शनं किडनी घालवतात, बंद करायला सांग. आत्या म्हणते नळीतून थंड दूध सोडायला सांग, इंजेक्शनची गरजच नाही. आणि मामेभावाने कुठेतरी वाचलं की पोटातलं ॲसिड कमी केलं की न्यूमोनिया वाढतो, आणि बाबांना तर मुळातच न्यूमोनिया आहे! त्यामुळे मी पार गोंधळलेय. हे इंजेक्शन खरंच लागतं का, त्याने न्यूमोनिया वाढेल का, आणि किती दिवस चालू ठेवतात? इथे कुणी आयसीयूत काम करणारं असेल तर प्लीज सांगा.

---

अतिदक्षता_नागपूर

ताई, मी क्रिटिकल केअरमध्ये काम करतो. बाबांची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा निर्णय तिथले डॉक्टरच घेणार, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे इंजेक्शन का चालू आहे ते नक्की सांगू शकतो.

आधी स्ट्रेस म्हणजे काय ते. इथे मनाच्या ताणाचा संबंध नाही, हा शरीरावरचा ताण. जठरात जे ॲसिड असतं ते इतकं तीव्र असतं की ते स्वतःच्याच भिंतीला खाऊ शकतं, ते होत नाही कारण आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा एक थर असतो, त्यात ॲसिड मारणारा बायकार्बोनेट असतो आणि खालून भरपूर रक्तपुरवठा असतो जो आत शिरलेलं ॲसिड वाहून नेतो आणि झिजलेल्या पेशी भराभर नव्या करतो. आता बीपी कोसळलं की शरीर काय करतं, मेंदू आणि हृदय वाचवायचं म्हणून पोटाकडचं रक्त कमी करतं. वर आपण नॉरॲड्रिनलिनसारखं औषध लावतो, तेही रक्तवाहिन्या आवळूनच प्रेशर वाढवतं. म्हणजे अस्तराचा रक्तपुरवठा कमी, वरचा थर पातळ, आणि ॲसिड आहे तिथेच आहे. मग एक मोठा अल्सर नाही तर जठराच्या वरच्या भागात बारीक बारीक अशा पुष्कळ उथळ जखमा होतात. गंभीर पेशंटमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांतच दुर्बिणीने बघितलं तर बहुतेकांच्या जठरात काही ना काही दिसतं. बहुतेकांच्या आपोआप भरतात, पण काहींमध्ये जखम रक्तवाहिनीपर्यंत पोचते आणि रक्तस्राव होतो, आणि आधीच शॉकमध्ये (म्हणजे बीपी कोसळलेल्या अवस्थेत) असलेल्या माणसाला तो झेपत नाही.

आणि हो, ॲसिडिटी कधी झाली नाही याचा इथे उपयोग नाही. छातीत जळजळणं हे अन्ननलिकेचं दुखणं असतं, हे वेगळंच प्रकरण आहे. हा आजार डॉक्टरांना फार जुना माहीत आहे, १८४२ साली कर्लिंग नावाच्या इंग्रज सर्जनने मोठ्या भाजलेल्या पेशंटच्या ड्युओडेनममधले (जठराला लागूनच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले) अल्सर नोंदवले, १९३२ मध्ये कुशिंगने मेंदूच्या आजारात होणारे अल्सर वर्णन केले. त्या दोघांच्या नावाने आजही कर्लिंग अल्सर, कुशिंग अल्सर म्हणतात. भाजलेल्या आणि डोक्याला मोठा मार लागलेल्या पेशंटना आम्ही अजूनही वेगळं लक्ष ठेवून बघतो.

मग सगळ्यांनाच इंजेक्शन लागतं का? नाही. यावरचा जो अभ्यास आम्हाला सगळ्यांना पाठ असतो तो कॅनडातल्या डेबोरा कुक यांचा, १९९४ चा. त्यांनी आयसीयूतले २२५२ पेशंट बघितले, त्यातल्या साधारण १.५ टक्के लोकांना मोठा रक्तस्राव झाला. मोठा म्हणजे नळीत चार थेंब लाल दिसलं असं नाही, बीपी पडणं, हिमोग्लोबिन उतरणं, रक्त चढवायला लागणं असा. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या, ४८ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर, आणि रक्त गोठायची गडबड, ज्यात प्लेटलेट ५० हजारांच्या खाली येणं पण धरलं होतं. यातलं एक किंवा दोन्ही असेल त्यांच्यात ३.७ टक्के, आणि दोन्ही नसेल त्यांच्यात फक्त ०.१ टक्का. म्हणजे हजारात एक.

तुमच्या बाबांना व्हेंटिलेटर आहे, शॉक आहे, प्लेटलेट ५० हजारांखाली आहेत, इकोस्प्रिन चालू आहे. माझ्या वॉर्डात असते तर मी डोळे झाकून लिहिलं असतं.

न्यूमोनियाची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून मामेभावाला रागावू नका. ॲसिड जंतू मारतं, ते कमी झालं की जठरात जंतू वाढतात, ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतात, असा तर्क आहे आणि कित्येक वर्षं आम्हालाही तीच काळजी होती. त्याचं उत्तर २०२४ मध्ये बऱ्यापैकी मिळालं. त्याच डेबोरा कुक आणि ऑस्ट्रेलियातले ॲडम डीन यांनी मिळून रिव्हाइज नावाचा मोठा ट्रायल केला, आठ देशांतले ४८२१ व्हेंटिलेटरवरचे पेशंट, अर्ध्यांना रोज पॅन्टोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम शिरेतून, अर्ध्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत १ टक्का, न दिलेल्यांत ३.५ टक्के. आणि व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया २३.२ आणि २३.८, म्हणजे फरक नाहीच. मृत्यूच्या प्रमाणातही खात्रीने म्हणावा असा फरक नव्हता.

किडनीचं, या औषधाने किडनीला सूज येऊ शकते हे खरं आहे पण ते क्वचित. बाबांच्या किडनीला सध्या खरा धोका शॉकचा आणि इन्फेक्शनचा आहे, या इंजेक्शनचा त्यामानाने नगण्य. काकांना हे नीट समजावून सांगा, घरात या वेळी वाद नकोत.

---

सिस्टर_आयसीयू

डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी बेडजवळचं सांगते. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे बरीच वर्षं.

ताई आत्याबाईंना सांगा थंड दूध नको. त्यांची माया कळते पण दूध घातल्याने ॲसिड थोडा वेळ दबतं आणि मग उलट जास्त सुटतं, आणि बाहेरचं काहीही नळीतून घालायचं नसतं, इन्फेक्शनचा धोका. पण त्यांच्या बोलण्यात अर्धी गोष्ट बरोबर आहे, पोटात अन्न जाणं हाच मोठा बचाव आहे. फीड सुरू झालं की जठराकडचा रक्तप्रवाह सुधारतो, ॲसिड पातळ होतं, अस्तराला खायला मिळतं. म्हणून डॉक्टर प्रेशर जरा स्थिर झालं की थोडं थोडं फीड चालू करतात, आधी तासाला २० मिली वगैरे, मग वाढवत न्यायचं. त्यामुळे रोज भेटायच्या वेळेला "फीड किती चाललंय, पचतंय का" हे नक्की विचारा, हा खूप कामाचा प्रश्न आहे आणि सिस्टरला पण बरं वाटतं कोणीतरी नीट विचारतंय.

दुसरं, डोक्याकडची बाजू वर हवी, ३० ते ४५ अंश. न्यूमोनियाची काळजी आहे ना, मग इंजेक्शन बंद करण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो. तोंडाची स्वच्छता, सक्शन (कफ, लाळ ओढून काढणं), हे पण. आम्ही करतोच, पण पेशंट घसरून खाली येतो कधी कधी, दिसलं तर सांगायला लाजू नका.

आता रक्तस्राव आहे का ते आम्ही कशावरून बघतो. नळीतून सिरिंजने ओढून बघतो तेव्हा आतलं हिरवट-पिवळट किंवा फीडच्या रंगाचं असेल तर ठीक. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट तपकिरी आलं तर ते ॲसिडमध्ये काळं पडलेलं जुनं रक्त, लगेच डॉक्टरांना कळवतो. ताजं लाल आलं तर धावतच. शी काळीकुट्ट, चिकट आणि एक विशिष्ट घाण वास असलेली झाली तर तेही रक्तच असतं, पण लोहाचं औषध चालू असेल तर शी काळी होते तेव्हा घाबरू नका, तिला तो वास आणि चिकटपणा नसतो. आणि नाडी वाढणं, प्रेशरच्या औषधाचा डोस अचानक वाढवायला लागणं, हिमोग्लोबिन उतरणं, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

इंजेक्शन कसं देतात तेही विचारतात लोक, म्हणून सांगते. बाटलीत पांढरी पावडर असते, सलाईनमध्ये विरघळवून सावकाश द्यायची, किंवा १०० मिली सलाईनमध्ये घालून पंधरा मिनिटांत. दिवसातून एकदा पुरतं.

---

कृष्णाकाठची

तुम्हा दोघांचे किती आभार मानू कळत नाही. डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं सगळं काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते शांत झाले, म्हणाले मग राहू दे चालू.

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून आज मुद्दाम नळीकडे बघितलं तर तिच्यात थोडंसं तपकिरी दिसलं!! माझा जीवच गेला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या थोडंच आहे, डॉक्टरांना सांगितलंय, हिमोग्लोबिन परत पाठवलंय. फीड दोन तास थांबवलं होतं, मग परत चालू केलं. याचा अर्थ अल्सर झालाच का? इंजेक्शन चालू असताना कसं काय?

---

अतिदक्षता_नागपूर

ताई, घाबरू नका, पण त्यांनी लक्ष दिलं ते योग्यच केलं. थोडंसं तपकिरी येणं आणि मोठा रक्तस्राव होणं यात फार अंतर आहे. नळी घालताना नाकाला, घशाला ओरखडा जातो, जठराच्या भिंतीला नळीचं टोक घासतं किंवा जोरात ओढलं तर अस्तर चोखलं जातं, आणि प्लेटलेट ४८ हजार असताना एवढ्यानेही रक्त येतं. हिमोग्लोबिन स्थिर असेल, प्रेशरचं औषध वाढवायला लागत नसेल आणि पुढचं ओढलेलं पाणी साफ असेल तर बहुधा एवढ्यावरच निभावतं. त्यांनी फीड परत चालू केलं यावरूनच कळतं की त्यांना मोठं काही वाटलेलं नाही.

वाढलं तर मग वेगळं. इंजेक्शनचा डोस वाढवतात, रक्त किंवा प्लेटलेट चढवतात आणि पोटाच्या डॉक्टरांना बोलावून दुर्बिणीने बघतात, गरज पडली तर तिथेच जखम बंद करतात.

इंजेक्शन चालू असताना कसं काय, तर हे औषध धोका कमी करतं, शून्य करत नाही. रिव्हाइजमध्ये औषध घेतलेल्यांतही शंभरात एकाला मोठा रक्तस्राव झालाच. ॲसिड कमी केल्याचा फायदा दोन प्रकारे होतो, एक तर जखम कमी होते, आणि दुसरं म्हणजे झालेल्या जखमेवर गुठळी धरते. ॲसिडमध्ये प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि धरलेली गुठळी पेप्सिन हा जठरातला पाचक रस विरघळवून टाकतो. तुमच्या बाबांच्या मोजक्या प्लेटलेटना काम करू द्यायचं असेल तर ॲसिड दाबून ठेवणं भागच आहे. पण मूळ इलाज इन्फेक्शन आटोक्यात आणणं आणि प्रेशर सुधारणं हाच. ते झालं की जठर स्वतःहून भरून येतं.

---

पीजी_सरकारी

सर एक विचारू का, मी सरकारी रुग्णालयात मेडिसिनला रेसिडेंट आहे. आमच्याकडे तर ॲडमिट झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला पॅन (पॅन्टोप्रॅझोल) लिहिलं जातं, जनरल वॉर्डातल्या तापाच्या पेशंटला, सेल्युलायटिसच्या (त्वचेखालच्या इन्फेक्शनच्या) पेशंटला, ऑपरेशन आधीच्या पेशंटला, कारण ऑर्डर लिहिताना हात आपोआप तिकडे जातो आणि सिनियर पण विचारतात "पॅन लिहिलंस का". स्वस्त आहे, फारसा त्रास नाही, मग सगळ्यांना दिलं तर बिघडलं कुठे? निदान कोणाला ब्लीडिंग तरी होणार नाही.

---

अतिदक्षता_नागपूर

चांगला प्रश्न विचारलास आणि उघड विचारलास ते बरं केलंस, कारण हे सगळीकडे चालतं, फक्त तुमच्याकडे नाही.

तो ०.१ टक्क्याचा आकडा परत बघ. ज्या पेशंटला व्हेंटिलेटर नाही, गोठण्याची गडबड नाही, त्याला आयसीयूत असतानासुद्धा हजारात एक एवढाच धोका होता. तुझा वॉर्डातला सेल्युलायटिसवाला चालतोय, जेवतोय, त्याचा धोका तर त्याहून कमी. म्हणजे औषध दिलं तरी वाचवण्यासारखं त्याच्यात काही नाहीच. आणि तोटे मात्र त्याला पूर्ण लागू. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब, बाकीचे आतड्याचे इन्फेक्शन, औषधांच्या एकमेकांशी होणाऱ्या गडबडी, आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे एकदा केसपेपरवर चढलेलं पॅन मग उतरत नाही.

आणि आजारी लोकांमध्येही सगळं एकदम साफ नाहीये हे लक्षात ठेव. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने सप-आयसीयू नावाचा ट्रायल झाला, ३२९८ पेशंट, धोका असलेलेच निवडले होते. ९० दिवसांतले मृत्यू पॅन्टोप्रॅझोल गटात ३१.१ टक्के, प्लासिबोत (बिनऔषधाच्या गटात) ३०.४. फरक नाही. मोठा रक्तस्राव २.५ आणि ४.२. म्हणजे रक्तस्राव कमी झाला पण त्यामुळे जास्त लोक जगले असं दिसलं नाही. उलट अतिगंभीर पेशंटच्या गटात मृत्यू किंचित जास्त तर नाहीत ना अशी शंका आली, म्हणून रिव्हाइजमध्ये हेही तपासलं. त्यात एकंदर मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, पण सर्वांत गंभीर गटाबद्दलची चर्चा अजून पूर्ण मिटलेली नाही.

तेव्हा मी राउंडला रेसिडेंटना एवढंच विचारतो की याला का चालू आहे. शॉक, रक्त गोठण्याची गडबड, लिव्हरचा जुना आजार, डोक्याची मोठी इजा, मोठं भाजणं, आधी अल्सरचं ब्लीडिंग, रक्त पातळ करायची औषधं, व्हेंटिलेटर. यातलं एक तरी कारण सांगता आलं तर ठेव. सांगता आलं नाही तर आजच काढ. आणि कारण संपलं त्या दिवशी पण काढ, पेशंट आयसीयूतून बाहेर जाताना तर नक्कीच बघ. हे चालू करण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि ते कोणीच करत नाही म्हणून मला जास्त त्रास होतो.

---

डोंबिवली_लोकल

डॉक्टर तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. माझी आई काही वर्षांपूर्वी सेप्सिसमुळे (रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनमुळे) आयसीयूत होती, वाचली, घरी आली. डिस्चार्ज कार्डवर दहा औषधं, त्यात सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल. फॉलोअपला गेलो तेव्हा ती सगळी "चालू ठेवा" झाली, मग फॅमिली डॉक्टर बदलले, त्यांना वाटलं मोठ्या हॉस्पिटलने दिलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, आणि ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहिली. मग एकदा पायात गोळे, थरथर, अशक्तपणा म्हणून तपासण्या केल्या तर मॅग्नेशियम खूप कमी आणि बी १२ पण कमी. नव्या फिजिशियन मॅडमनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेक हातात घेऊन विचारलं ही कशासाठी, ही कशासाठी. पॅन्टोप्रॅझोलला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती बंद केल्यावर मॅग्नेशियम सुधारलं.

बंद करताना मात्र आईला आठवडाभर जबरदस्त जळजळ झाली, तिला वाटलं बघ मला लागतच होती ती गोळी. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. ताई, बाबा घरी येतील तेव्हा हे लक्षात ठेवा. लवकर बरे होऊन येऊ देत.

---

औषधनिर्माती_पुणे

वरच्या दादांनी सांगितलं ते आम्ही फार वेळा बघतो. मी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, डिस्चार्जच्या वेळी औषधांची पडताळणी हेच माझं काम.

ती जळजळ का होते ते सांगते, कारण त्यामुळेच बहुतेक लोक गोळी परत सुरू करतात. महिनोन्‌महिने ॲसिड दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन (ॲसिड सुटायला लावणारं हार्मोन) वाढवतं, ॲसिड बनवणाऱ्या पेशी तयारीत बसतात, आणि गोळी अचानक थांबवली की काही दिवस नेहमीपेक्षा जास्त ॲसिड सुटतं. निरोगी माणसांना आठ आठवडे गोळी देऊन थांबवली तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जळजळ झाली होती. म्हणजे जळजळ झाली याचा अर्थ आजार होता असं नाही. बराच काळ चालू असेल तर डोस कमी करत, एक दिवसाआड करत थांबवतात. आयसीयूतल्या थोड्या दिवसांच्या वापराला हे सगळं लागत नाही, सरळ थांबवता येतं.

आता ताईंच्या बाबांच्या औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी, तुम्ही क्लोपिडोग्रेल लिहिलंत म्हणून. हे औषध गिळलं तेव्हा निष्क्रिय असतं, लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला कामाचं बनवतं. ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल ही पॅन्टोप्रॅझोलच्याच जातीची औषधं त्याच एन्झाइमला अडवतात, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा असर कमी होऊ शकतो, स्टेंटवाल्या पेशंटमध्ये ते नकोच. पॅन्टोप्रॅझोल त्या बाबतीत बरंच निरुपद्रवी आहे. सध्या तेच चालू आहे तर उत्तम, पण पुढे मेडिकलवाल्याने "हे नाही, ते देतो, एकच आहे" म्हणून ओमेप्रॅझोल दिलं तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, नळीतून औषधं सुरू झाली की पॅन्टोप्रॅझोलची साधी गोळी कुटून घालायची नाही. तिच्यावर जे आवरण असतं ते ॲसिडपासून औषध वाचवायला असतं, ते फोडलं की जठरातच औषध नासतं. नळीसाठी दाणेदार पुडीतली औषधं मिळतात किंवा इंजेक्शनच चालू ठेवतात.

सुक्राल्फेटचं गुलाबी सिरप पण खूप ठिकाणी वापरतात, कोणी सुचवेल तुम्हाला. ते जखमेवर जाऊन चिकटतं. १९९८ च्या १२०० पेशंटच्या अभ्यासात रॅनिटिडिन या ॲसिड कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत सुक्राल्फेट दिलेल्यांना रक्तस्राव जास्त झाला, ३.८ टक्के, रॅनिटिडिनमध्ये १.७. शिवाय ते बारीक नळी तुंबवतं, थायरॉइडची गोळी, फिट्सची फेनिटॉइन, काही अँटिबायोटिक यांना धरून ठेवतं, आणि त्यात ॲल्युमिनियम असतं म्हणून किडनी बंद असलेल्यांना नको. रॅनिटिडिनचं इंजेक्शन काही ठिकाणी अजून देतात, ते चालतं, पण किडनीप्रमाणे डोस कमी करावा लागतो आणि वयस्कर माणसं त्याने कधी कधी भ्रमिष्टासारखी वागतात.

---

कृष्णाकाठची

अपडेट देते. हिमोग्लोबिन स्थिर आहे, नळीतलं पाणी साफ झालंय, प्रेशरचं औषध अगदी थोड्यावर आलंय. प्लेटलेट वर यायला लागल्यात, ९० हजारांच्या पुढे गेल्या. आज राउंडच्या मोठ्या डॉक्टरांना मी नीट विचारलं की पॅन्टोप्रॅझोल कोणत्या कारणासाठी आहे आणि कधी थांबवणार, ते थांबून बोलले, म्हणाले व्हेंटिलेटर निघाला आणि नीट जेवायला लागले की बघू. फीड किती चाललंय ते पण सांगितलं, तासाला ६० मिली, पचतंय. बाबांनी आज डोळे उघडून आईकडे बघितलं.

आता माझ्या डोक्यात एक पक्कं बसलंय की घरी जाताना ही गोळी डिस्चार्ज कार्डवर दिसली तर काढायला सांगायची. बरोबर ना?

---

औषधनिर्माती_पुणे

वा, फार छान बातमी दिलीत! पण ताई, इथे थांबा, तुमच्या बाबांच्या बाबतीत काढायला सांगू नका, विचारा.

आयसीयूतलं कारण संपेल हे खरं. पण त्यांना स्टेंट आहे, वर्षही झालेलं नाही, प्लेटलेट वाढल्या की क्लोपिडोग्रेल परत सुरू करतील, म्हणजे इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकत्र, आणि वय ६८. अशा पेशंटना घरी असतानाही पोटातल्या रक्तस्रावाचा धोका असतो आणि त्यांना ॲसिड कमी करणारी गोळी मुद्दाम देतात. २०१० मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, या दोन गोळ्या घेणाऱ्या सुमारे ३७६० लोकांवर, सहा महिन्यांत पोटाच्या गंभीर तक्रारी ॲसिड कमी करणारी गोळी घेतलेल्यांत १.१ टक्के आणि न घेतलेल्यांत २.९ टक्के. म्हणजे औषध तेच, कारण मात्र नवं. दादांच्या आईला कारण उरलं नव्हतं, तुमच्या बाबांना आहे.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना सांगा की त्या ओळीसमोर कारण आणि मुदत लिहून द्या. साधारण असं, "पॅन्टोप्रॅझोल ४०, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असेपर्यंत." मग हार्टचे डॉक्टर जेव्हा क्लोपिडोग्रेल बंद करतील त्याच भेटीत या गोळीचंही विचारायचं. आणि ते कार्ड लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून फाइलला लावा, पुढे त्यावर बदल लिहावे लागतात.